गंगापूर रोडचं फिजिओ क्लिनिक, ३ स्टार
आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना इथे येतोय. मुली व्यायाम मन लावून करून घेतात, पार्किंगची मात्र बोंब. पण मांडीच्या ताकदीचं गणित काही कळेना, सोमवारी एकीने पाय दाबून बघितला आणि ४ लिहिलं, गुरुवारी दुसरीने ५, मग परत पहिलीकडे ४, आई म्हणे मी काय शाळेत आहे का! आता ही पट्टी ० ते ५ ची, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पाय स्वतः पूर्ण उचलता येणं, ते समोर दिसतं तरी, पण ४ की ५ हे बरंचसं तपासणाऱ्याच्या हाताच्या जोरावर. हातात धरायचं डायनॅमोमीटर, म्हणजे जोर मोजायचं यंत्र, मिळतं, त्यावर सरळ आकडा येतो, ते घ्या ना राव, नाहीतर निदान दरवेळी एकीनेच तपासा.