मुलींसाठीची ज्युदो क्षमता-चाचणी: मोजमाप चोख, अहवाल अपुरा

माझ्याकडे सराव करणाऱ्या चार मुलींना, म्हणजे 48, 52, 57 आणि 63 किलो वजनगटांतल्या खेळाडूंना, घेऊन मी दहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा एका क्रीडा-चाचणी केंद्रात गेले. मैदानावर धावायला लावून दम मोजणाऱ्या चाचण्या आम्ही पूर्वीही करत होतो, पण त्यातून ज्युदोविषयी फारसे कळत नाही. चार मिनिटांच्या लढतीत, आणि बरोबरी झाल्यास वेळेची मर्यादाच नसलेल्या गोल्डन स्कोअरमध्ये, खेळाडू ओढते, अडते, क्षणभर थांबते आणि पुन्हा सर्व ताकदीनिशी डाव टाकते. हे मोजणारी सेवा मिळते असे समजल्यावर आम्ही मोठ्या अपेक्षेने गेलो.

मुख्य चाचणी पोलंडच्या स्तानिस्वाव स्तेर्कोविच यांनी 1995 मध्ये मांडलेली होती. दोन उके (ज्यांना फेकले जाते त्या जोडीदार) एकमेकींपासून 6 मीटरवर उभ्या राहतात, तोरी (फेकणारी खेळाडू) मध्यभागातून निघते आणि आळीपाळीने दोघींकडे धावत जाऊन इप्पोन सेओई नागे या खांद्यावरून फेकण्याच्या डावाने जास्तीत जास्त वेळा फेकते. पहिली फेरी 15 सेकंदांची, पुढच्या दोन प्रत्येकी 30 सेकंदांच्या, आणि मध्ये फक्त 10 सेकंदांची उसंत. चाचणी संपताक्षणीचे आणि एका मिनिटानंतरचे हृदयाचे ठोके मिळवून त्या बेरजेला एकूण फेकींनी भागले की निर्देशांक मिळतो. तो जितका कमी, तितकी तयारी चांगली.

केंद्राने हे काम मनापासून केले. खरी मॅट होती, मुली पूर्ण ज्युदोगीत, म्हणजे ज्युदोच्या पोशाखात, होत्या आणि फेकींची मोजणी चित्रफितीवरून पुन्हा तपासली गेली, त्यामुळे अर्धवट टाकलेली फेक हिशेबात आली नाही. छातीवरचा हृदयगती-पट्टा घामाने आणि ज्युदोगीच्या ओढाताणीने घसरतो, ही मुलींच्या चाचणीतली नेहमीची अडचण. येथे पट्टा बांधायला महिला तंत्रज्ञ आणि स्वतंत्र खोली होती आणि प्रत्येक फेरीआधी पट्टा तपासला गेला. अवघडलेपण नसेल तर मुलगी पट्टा नीट घट्ट बांधू देते आणि आकडाही खरा येतो, म्हणून या व्यवस्थेला मी फार महत्त्व देते.

उकेंच्या बाबतीत मात्र ढिलाई झाली. उके तोरीच्याच उंची-वजनाच्या असाव्यात, ही या चाचणीची मूळ अट आहे. आमच्या 63 किलोच्या मुलीला दोन्ही उके हलक्या मिळाल्या, साहजिकच तिच्या फेकी वाढल्या. 48 किलोच्या मुलीला उलट जड उके उचलाव्या लागल्या. अहवालात उकेंच्या वजनाचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे तो नुसता वाचणाऱ्याला पहिली फार तयार आणि दुसरी कच्ची वाटली असती.

माझी मोठी तक्रार अहवालाविषयीच आहे. दोन मुलींचा निर्देशांक नेमका 13.5 आला आणि दोघींपुढे एकच शेरा छापून आला. त्यांपैकी एकीच्या फेकी 24 होत्या आणि ठोके 178 व 146; दुसरीच्या फेकी 26, ठोके 187 व 164. पहिली लवकर सावरते पण तिचा वेग कमी पडतो, तर दुसरी वेगवान आहे पण मिनिटभरानंतरही तिचे ठोके खाली येत नाहीत. या दोघींना एकच सराव देणे म्हणजे दोघींचेही नुकसान करणे होय. तिन्ही फेऱ्यांतल्या फेकी वेगवेगळ्या छापल्या असत्या, तर तिसऱ्या फेरीत कोण किती ढासळते हेही दिसले असते. शिवाय पहिल्या वेळी श्रेणी ठरवताना पुरुषांचा तक्ता वापरला गेला होता. महिलांसाठी स्वतंत्र तक्ते उपलब्ध असल्याचे आम्ही लेखी कळवल्यावर केंद्राने चूक मान्य केली आणि श्रेणी बदलून दिल्या, हे नमूद करायलाच हवे.

अर्जात मासिक पाळीची तारीख विचारली होती, पण निष्कर्षांत ती कुठेही दिसली नाही. पाळीपूर्वीच्या दिवसांत शरीराचे तापमान आणि विश्रांतीतले ठोके किंचित वाढलेले असू शकतात. निर्देशांकच ठोक्यांवर बेतलेला असताना दोन चाचण्यांची तुलना करण्याआधी ही नोंद शेजारी असायला हवी.

पकडीची चाचणी मला सर्वांत आवडली. हाताने दाबायच्या यंत्रावर चौघींचे आकडे जवळजवळ सारखे आले, पण आडव्या दांडीवर टाकलेल्या ज्युदोगीला पकडून कोपरे वाकवलेल्या स्थितीत लोंबकळायला सांगितल्यावर फरक उघड झाला. एकदा जोरात दाबणे आणि कापड धरून टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुमिकातामध्ये, म्हणजे प्रतिस्पर्धीचा पोशाख पकडण्याच्या झटापटीत, दुसरीच कामाला येते. उडीची चाचणी नेहमीसारखीच होती.

एक प्रसंग मात्र मला खटकला आणि अजूनही खटकतो. शरीरातल्या चरबीचे प्रमाण पडद्याआड मोजले गेले, पण आकडा सर्वांसमोर मोठ्याने वाचला गेला. वजनगटात खेळणारी मुलगी असा आकडा ऐकून त्या रात्रीचे जेवण टाळते, हे मी प्रशिक्षक म्हणून अनेकदा पाहिले आहे. पुरेसे न खाता सराव करत राहिल्याने पाळी बंद होते आणि हाडे कमकुवत होतात. हा आकडा केवळ त्या मुलीला, आणि तिची संमती असल्यास प्रशिक्षकाला, बंद पाकिटात मिळायला हवा.

एवढे असूनही ही सेवा मी इतर प्रशिक्षकांना सुचवेन, कारण मॅटवरचे मोजमाप विश्वासार्ह आहे. स्पर्धेसाठी वजन उतरवण्याच्या आठवड्यात मात्र मुलींना तेथे नेऊ नये. पाणी कमी पडलेल्या शरीराचे ठोके वाढतात आणि आकडा फसवा येतो. आमची तिसरी चाचणी ठरली आहे. या वेळी प्रत्येकीच्या वजनाला जुळणाऱ्या दोन उके आम्हीच सोबत नेणार आहोत, आणि फेरीनिहाय फेकींची नोंद अहवालात यावी, असे अर्जावर लिहून दिले आहे.