ड्रॉवरमधला टीव्ही बॉक्स की जुना थिन क्लायंट: रिमोट डेस्कटॉपसाठी काय वापरावं?

हॉलमध्ये फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस ठेवायचा, खरं काम आतल्या खोलीतल्या पीसीवर चालू द्यायचं, अशी सोय हवी असली की पडून असलेला स्वस्त टीव्ही बॉक्स हमखास आठवतो. त्यातल्या अँड्रॉइडवर रिमोट डेस्कटॉपचं ॲप टाकलं की झालं, असं वाटतं. नेमकं हेच करू नका.

जानेवारी २०२३ मध्ये डॅनियल मिलिसिक यांनी टी९५ नावाचा बॉक्स तपासला, तेव्हा एडीबीचं, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून अँड्रॉइडला हुकूम देण्याचं, दार नेटवर्कवर सताड उघडं होतं आणि रॉममध्येच, म्हणजे बॉक्ससोबत आलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच, मालवेअर बसलेलं होतं. पुढे ‘बॅडबॉक्स’ या नावाने हे प्रकरण वाढत गेलं. जून २०२५ मध्ये एफबीआयने अशा उपकरणांबद्दल इशारा दिला. जुलैमध्ये गूगलने कोर्टात दावा लावला, त्यात बाधित उपकरणांचा आकडा एक कोटीच्या वर होता. असा बॉक्स तुमच्या घरच्या आयपीवरून परक्यांची इंटरनेट वाहतूक फिरवतो. मालवेअर सिस्टिम पार्टिशनमध्येच असल्यामुळे फॅक्टरी रीसेट करून ते जात नाही. त्या अँड्रॉइडमध्ये पीसीचा पासवर्ड टाइप करणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं.

मग बॉक्स फेकूनच द्यायचा का? नाही. एसडी कार्डावर आर्मबियन (अशा छोट्या बॉक्ससाठीचं लिनक्स) टाकून तो वापरता येतो. माझा एस९०५डब्ल्यू चिपचा बॉक्स ऑनलाइन घेतलेला आहे. खोक्यावर २ जीबी रॅम छापली होती, लिनक्समध्ये ‘फ्री’ कमांड दिल्यावर एकच निघाली. कार्डावरून सुरू करण्यासाठी एव्हीच्या भोकात टूथपिक घालायची, आतलं बटण ‘टिक’ झाल्याचं बोटाला जाणवलं की ते दाबून धरूनच वीज द्यायची. डीटीबी फाइल (बॉक्समध्ये कोणते भाग आहेत हे लिनक्सला सांगणारी) चुकीची निवडली तर स्क्रीन काळीच राहते. मला तिसऱ्या फाइलवर यश आलं. वायफाय शेवटपर्यंत चाललं नाही, लॅनची वायर ओढावी लागली. रेमिना या रिमोट डेस्कटॉपच्या ॲपमधून पीसीचा डेस्कटॉप मात्र नीट दिसतो. लिहिणं, हिशेब, मेल यांना काही अडत नाही, व्हिडिओ अडखळतो.

एक फरक लक्षात ठेवा. ऑलविनर चिप आधी एसडी कार्ड बघते, त्यामुळे बॉक्सच्या आतल्या मेमरीतलं काहीच चालत नाही. माझ्या ॲमलॉजिक चिपवर (एस९०५डब्ल्यू त्यातलीच) बूटलोडर, म्हणजे सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम, आतल्या मेमरीतलाच, म्हणजे कंपनीनेच दिलेला चालतो, आणि त्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून या बॉक्सवर मी बँकेचं काम करत नाही.

जुन्या थिन क्लायंटबद्दल (दूरच्या संगणकावर काम करण्यासाठीच बनवलेला छोटा पीसी) फार सांगण्यासारखं नाही, आणि तेच त्याचं बलस्थान. ऑफिसांतून निघालेले एचपी किंवा डेलचे एक्स८६ (नेहमीच्या पीसीसारख्या प्रोसेसरचे) डबे असतात, पेन ड्राइव्हने सरळ डेबियन लिनक्स चढतं, डीटीबीची भानगड नाही. विकत घ्यायचंच असेल तर हाच घ्या. बॉक्स आधीपासून घरात असेल आणि दोन रविवार मोकळे असतील तरच त्याच्या नादी लागा.

आता सॉफ्टवेअर. पीसीवर लिनक्स असेल तर घरातल्या घरात मी त्यावर एक्सआरडीपी हा रिमोट डेस्कटॉपचा सर्व्हर निवडेन. ते टीएलएसवर, म्हणजे माहिती कूटबद्ध करून, चालतं आणि स्वतंत्र सेशन देतं. पण तोच युजर पीसीवर आधीच लॉगिन असेल तर पुष्कळदा काळी स्क्रीन मिळते. तिथून लॉगआउट करून या. व्हीएनसी हा दुसरा पर्याय, पण त्याची जुनी पद्धत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजते आणि स्क्रीनची माहिती उघडी पाठवते. एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे कूटबद्ध जोडणीतून, नेणार नसाल तर व्हीएनसी नको.

गावाकडच्या आईच्या लॅपटॉपवर मदत करायची असेल तेव्हा रस्टडेस्क हे रिमोट ॲपच हवं. राउटरमध्ये पोर्ट उघडावे लागत नाहीत, आईला जे दिसतं तेच मला दिसतं, आणि पुढेमागे स्वतःचा सर्व्हरही उभा करता येतो. धोका वेगळाच आहे: अशाच रिमोट ॲपमधून खाती रिकामी होतात, म्हणून २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं. आईला मी एवढंच बजावून ठेवलंय, की फोनवर माझा आवाज ओळखल्याशिवाय स्क्रीनवरचा जोडणीचा आयडी कुणालाही वाचून दाखवायचा नाही, समोरचा बँकेतून बोलतोय म्हणाला तरी.