‘लीड सर्टिफाइड माल’ विकत घेऊ नका: ठाणे-नवी मुंबईतल्या पुरवठादारांसाठी

लीड (LEED) म्हणजे इमारत किती पर्यावरणपूरक आहे ते ठरवणारी रेटिंग पद्धत. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तळोजा इथल्या रंग, प्लाय, ब्लॉक, टाइलवाल्यांना येणारा फोन साधारण असा असतो: ‘तुमच्या मालाला लीड सर्टिफिकेट नाही, म्हणून मोठ्या बिल्डरच्या यादीत तुमचं नाव नाही. फी भरा, कागद आम्ही आणून देतो.’ फी भरली की लोगो छापलेला कागद येतो. साइटवर ग्रीन कन्सल्टंट तो बाजूला सारतो, तोवर माल उतरलेला असतो आणि बिल अडकतं.

लीडचं किंवा आयजीबीसीचं (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल) रेटिंग मिळतं ते इमारतीला. सिमेंटच्या गोणीला किंवा रंगाच्या डब्याला लीड सर्टिफिकेट मिळत नाही. माल फक्त रेटिंगच्या काही गुणांना हातभार लावतो, तोही आकड्यानिशी सिद्ध करून. मालासाठी सीआयआय या उद्योग संघटनेचं ग्रीनप्रो हे वेगळं लेबल आहे, पण त्याची यादी सार्वजनिक आहे. त्यात नेमकं तुमचं उत्पादन दिसत नसेल तर तो कागद खोटा समजा. आयएसओ १४००१ ही कारखान्याच्या व्यवस्थापनाची पद्धत असते, मालाचा दर्जा नव्हे.

रंग आणि चिकटद्रव्यांसाठी व्हीओसीचा (हवेत उडून जाणाऱ्या सेंद्रिय रसायनांचा) आकडा ग्रॅम प्रति लिटरमध्ये लागतो. इथे सर्रास चालणारी लबाडी म्हणजे दुसऱ्याच्या टेस्ट रिपोर्टवर नाव बदलून देणं. रिपोर्टवर छापलेला फोन नंबर वापरू नका. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या संकेतस्थळावरून लॅबचा नंबर घ्या, रिपोर्ट क्रमांक सांगून खात्री करा आणि ती चाचणी लॅबच्या मान्यतेच्या कक्षेत आहे का तेही पाहा.

पुनर्वापराचा आकडा फुगवणं त्याहून सोपं. लीडच्या हिशेबात ग्राहकाने वापरून टाकलेला माल पूर्ण धरतात, कारखान्यातून निघालेला कचरा निम्मा. फ्लाय ॲश या दुसऱ्या गटात येते, म्हणून ६० टक्के फ्लाय ॲशच्या ब्लॉकला ३० टक्केच मिळतात. स्वतःच्याच मशीनची भंगार चुरी त्याच मशीनमध्ये परत घातली तर ती मुळीच धरत नाहीत. ‘शंभर टक्के रिसायकल्ड’ असं लेटरहेडवर लिहून देणाऱ्याला वजनाची टक्केवारी आणि कच्च्या मालाची बिलं मागा.

‘स्थानिक माल’ म्हणजे गोदामाचा पत्ता नव्हे. लीडच्या चौथ्या आवृत्तीत उत्खनन, उत्पादन आणि खरेदी, तिन्ही प्रकल्पापासून १६० किलोमीटरच्या आत व्हावी लागते. राजस्थानचा संगमरवर महाप्यात उतरवला म्हणून स्थानिक होत नाही.

प्लायवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. तुर्भ्यातला व्यापारी मिलच्या एफएससी सर्टिफिकेटची (लाकूड जबाबदारीने जोपासलेल्या जंगलातलं असल्याच्या प्रमाणपत्राची) झेरॉक्स दाखवतो. तेवढ्याने भागत नाही. माल घेऊन पुढे विकणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःच्या नावाचा साखळी-क्रमांक (माल कोणाकोणाच्या हातून आला याच्या एफएससी प्रमाणपत्राचा क्रमांक) हवा, आणि इनव्हॉइसच्या ओळीत तो क्रमांक व ‘एफएससी १००%’ किंवा ‘एफएससी मिक्स’ असा दावा छापलेला हवा. एक दुवा नसेल तर साखळी तुटते आणि महाग घेतलेला प्लाय साध्या प्लायच्या हिशेबात जातो. क्रमांक एफएससीच्या खुल्या नोंदीत टाकून पाहायला पैसे लागत नाहीत.

कंत्राटदाराकडूनही फसगत होते, आणि ती जास्त महागात पडते. पीओमध्ये (खरेदी आदेशात) ‘ग्रीन रेटिंग मिळाल्यावर उरलेली रक्कम’ अशी ओळ असते. अंतिम रेटिंग इमारत पूर्ण झाल्यावरच येतं, आणि ते मिळणं डझनावारी इतर कामांवर अवलंबून असतं. तुमच्या मालाचं बिल तोवर लटकतं. ही ओळ खोडून ‘मंजूर कागदपत्रांसह माल पोहोचल्यावर’ असं लिहून घ्या. कोणते कागद लागतील त्याची यादीही पीओलाच जोडायला लावा. आकडे आधीच भरून आणलेल्या घोषणापत्रावर सही करू नका, कारण चूक निघाली तर जबाबदारी सही करणाऱ्याची. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाला २००६ च्या एमएसएमई कायद्याने करार असला तरी ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज. निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, म्हणून पीओतली ओळ त्याच्यासाठी अधिकच मोलाची.

बोगस सर्टिफिकेटसाठी ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा, आणि प्रोफॉर्मा, व्हॉट्सॲप संभाषण, व्यवहार क्रमांक यांतलं काहीही पुसू नका.