अश्वगंधाचं मूळ सांगून पानांचा अर्क गळ्यात मारला. 1,13,400 रुपये पाण्यात

लातूर, नांदेड, परभणीकडच्या लहान औषध उत्पादकांनो, ‘अश्वगंधा एक्स्ट्रॅक्ट 5%’ कुणी स्वस्तात देत असेल तर आधी हे वाचा.

25 किलोचे दोन ड्रम, 1,480 रुपये किलोनं, झाले 74,000. बाकीचे विक्रेते 2,150 सांगत होते. ‘स्वस्ताला भुललात’ म्हणणाऱ्यांनी ऐकून घ्यावं: आधी आलेलं सॅम्पल तपासलं होतं, आणि ते खरंच मुळाचं होतं. ड्रम आले ते दुसऱ्याच बॅचचे. बॅच नंबर सॅम्पलशी जुळत नसेल तर गाडीतून माल उतरवूच नका.

खरी गोम मालासोबतच्या तपासणी सर्टिफिकेटात होती. ‘वापरलेला भाग’ हा रकाना कोरा! तो कोरा रकाना डोळ्यांसमोरून गेला, पण बाजारातली निम्मी सर्टिफिकेटं तशीच येतात, मग अडवायचं कुणाकुणाला? विथॅनोलाइड्स (अश्वगंधेतले मुख्य घटक, ‘5%’ म्हणतात ते यांचंच) 5.3%, पद्धत ग्रॅव्हिमेट्री, म्हणजे वजनावरून मोजणी. त्यात सोबतचा बाकीचा ऐवजही वजनात धरला जातो आणि आकडा फुगतो. एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, तोच माल 1.9% भरला. पानांत जास्त असणारं विथाफेरिन-ए भरमसाट, एचपीटीएलसीवर (यात घटक पट्ट्यांच्या रूपात दिसतात) पानांतल्या फ्लेव्होनॉल ग्लायकोसाइडांचे पट्टे ठसठशीत. या तपासण्यांचे 7,800 गेले. कॅप्सूल भरणं, बाटल्या, लेबलं यांचे 31,600 त्याआधीच गेले होते. पानांचा अर्क हिरवट दिसेल, अल्कोहोलमध्ये हिरवा उतरेल, या भरवशावर राहू नका. कोळशानं रंग काढून देतात.

मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडं अश्वगंधेचं मूळ विकलं जातं, पाला उरतो. तोच हा.

व्यापाऱ्याचं उत्तर: ‘पानातही विथॅनोलाइड्स आहेतच की, शास्त्रात बदली द्रव्य चालतं.’ भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात काकोली या वनस्पतीऐवजी अश्वगंधा, मेदेऐवजी शतावरी सांगितली आहे, पण उघडपणे. फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी मानकग्रंथात, अश्वगंधा म्हणजे वाळलेलं मूळ. पानं वापरू नका, असं आयुष मंत्रालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये उत्पादकांना बजावलं आहे. ऑस्ट्रेलियात एका अर्काच्या जागी दुसरा घ्यायचा तर वनस्पतीचा भाग, द्रावक, किती किलोतून किती अर्क, हे सगळं पडताळतात. आपल्याकडं नुसता टक्का जुळला की बिल फाटतं.

आता तक्रारीचं. औषध निरीक्षक म्हणाले, ड्रमचं सील तुम्ही फोडलंय, नमुना ग्राह्य नाही. विक्रेता परराज्यातला, तिकडं जा. त्याच्याकडं अन्न परवाना, औषधाचा नाही, म्हणून हे कार्यालय त्या कार्यालयाकडं बोट दाखवतं. पोलीस म्हणतात दिवाणी मामला. ग्राहक आयोगात व्यापारी खरेदी बसत नाही. आणि औषध नियमांतल्या लेबलाच्या नियम 161 प्रमाणे लेबलवर ‘मूळ’ छापलेलं आमचं, म्हणून नोटीस कुणाला? आम्हाला!

ऑर्डरवरच लिहून घ्या: फक्त मूळ, एचपीएलसी, विथाफेरिन-एची मर्यादा, निम्मे पैसे आपल्या तपासणीनंतर. ड्रमचं सील निरीक्षकांना कळवल्याशिवाय तोडू नका. आमचा दुसरा ड्रम सीलबंद आहे, त्यातून नमुना घ्या म्हणून लेखी अर्ज दिलाय. पोच मिळाली, नमुना घ्यायला अजून कुणी फिरकलं नाही.