सोल्डरिंग स्टेशन आठ महिने वापरून: मशीन झकास, वायर भिकार

इंडियास्किल्स ह्या कौशल्यस्पर्धेच्या निवडफेरीला चार दिवस राहिले असताना ह्या सोल्डरिंग स्टेशननं (डाग द्यायची, तापमान ठरवता येणारी आयर्न) मान टाकली, तेव्हाच लिहायला बसलो होतो, पण नुसत्या शिव्याच झाल्या असत्या. आता डोकं जरा थंड झालंय म्हणून लिहितो.

कंपनीचं नाव घेत नाही. हाक्को कंपनीच्या ९३६ मॉडेलची जी कॉपी सगळीकडे मिळते त्यातलंच एक, नॉबवालं. मी तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडला शिकवतो, इंडियास्किल्ससाठी तीन पोरं तयार करत होतो. ऑफिसकडून घ्यायचं म्हणजे तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, मग ग्रँटची वाट बघा, तोवर स्पर्धा होऊन जायची. म्हणून स्वतःच्या खिशातून घेतलं (घरी सांगितलेली किंमत आणि खरी किंमत ह्यात थोडा फरक आहे, ते सोडा).

आधी चांगलं सांगतो. आमच्याकडे अजून २५ वॅटच्या साध्या आयर्न आहेत, त्यावर शिकलेल्या पोरानं पहिल्यांदा ह्यावर ०८०५ चा (जेमतेम दोन मिलिमीटरचा) रेझिस्टर लावला तेव्हा ते गप्पच झालं. स्पर्धेत असेंब्लीचे टाके आयपीसी ६१० (दर्जा तपासायचं मानक) च्या हिशोबानं बघतात, नुसतं चिकटलं की झालं असं चालत नाही, टाका गुळगुळीत आणि पॅडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या टिकलीवर) पसरलेला पाहिजे, भोकातून पाय घातलेला असेल तर भोक किमान ७५ टक्के भरलेला पाहिजे. ग्राउंडचं मोठं पॅड असलं की साधी आयर्न तिथंच गार पडते आणि टाका ड्राय, म्हणजे कच्चा होतो. हे स्टेशन पटकन परत तापतं. ६३-३७ ची (कथिल-शिशाची) सोल्डर १८३ डिग्रीला वितळते, आम्ही नॉब ३३० वर ठेवतो, बास होतं.

पहिल्या महिन्यात मी ह्याला शिव्या घालत होतो की टेंपरेचर खोटं दाखवतं. नॉब ३५० वर आणि थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) बिटला, म्हणजे आयर्नच्या टोकाला लावला की ३१०. ते माझं चुकलं, मागे घेतो. बिटची नळी सैल होती, नट आवळला आणि पुढं कॅलचा (तापमान जुळवायचा) जो बारीक प्रीसेट स्क्रू असतो तो थोडा फिरवला तर व्यवस्थित आलं. बिटांचंही तसंच. सोबत जो सुईसारखा बिट देतात तो पोरांना लई आवडतो पण उष्णता जातच नाही त्यातून, २.४ चा चपटा बिट वेगळा घ्या. आणि पोरांच्या हातातून कानस काढून घ्या! जुन्या तांब्याच्या बिटला कानस मारायची सवय, इथं वरचा लोखंडाचा थर गेला की बिट संपला. एक बिट तसा गेला, तो मी टेबलावर तारेनं बांधून ठेवलाय, सगळ्यांना दिसू दे.

आता वायर.

हँडलची वायर पीव्हीसीची आहे. सिलिकॉनची नाही. एवढंच, पण ह्या एवढ्यावर माझे पाच महिने गेलेत. डिसेंबरच्या सकाळी ती काठीसारखी ताठ होते. ३२ पायांची आयसी लावताना पोरगं मनगट वळवतं आणि वायर बिटला स्वतःच्या मर्जीनं डावीकडं ओढते, झाला ब्रिज (दोन पाय एकमेकांना चिकटले), काढत बसा विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीनं). तापलेला बिट चुकून टेकला तर वायरीला खड्डा, आमच्या वायरीला असे अकरा खड्डे आहेत, मोजलेत. आणि हँडलच्या बुडाशी जिथं रबर असतं तिथंच ती रोज वाकते.

तिथंच तुटली. डावीकडं वाकवलं की तापतंय, सरळ धरलं की गार. सर्व्हिसला फोन केला, वॉरंटी सहा महिने आणि हा पाचवा महिना. तिकडून म्हणतात सर हँडल कन्झ्युमेबलमध्ये येतं. म्हटलं बिट कन्झ्युमेबल हे मान्य, वायर कशी काय? तर म्हणे कुरियर तुम्ही करा, पंधरा दिवस लागतील, चेक करून सांगतो. नवीन हँडल घेतलं तर वायर सिलिकॉनची येईल का विचारलं. "सर, वायर म्हणजे वायर." ह्यावर काय बोलणार!

शेवटी तिघातल्याच एका पोरीनं हँडल खोललं, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असली की बीप वाजतो) लावून वायर हलवत बसली, बीप तुटतोय ती हीटरची निघाली. चार इंच कापून परत जोडली, त्याच २५ वॅटच्या आयर्ननं जिला मी भंगारात काढणार होतो. फेरी निभावली.

नंतर पुण्यातल्या तपकीर गल्लीतून पाच कोअरची (आत पाच तारा असलेली) मऊ सिलिकॉन वायर आणली आणि मीच बसवली. रंग वेगळे, घाईत सेन्सरच्या दोन वायरी उलट्या लागल्या. थर्मोकपल उलटा लागला की बिट जेवढा तापेल तेवढं स्टेशनला वाटतं गार पडतोय, मग ते अजून करंट देत सुटतं. मी चहा प्यायला वळलो तोवर बिट निळा-काळा पडला. सत्तर रुपये गेले. पोरगी हसली नाही, पण हसू दाबत होती.

सुलट लावल्यावर मात्र फरक विचारू नका, हातात पेन धरल्यासारखं वाटतं.

निकाल विचाराल तर आमचं कुणी पुढं गेलं नाही. खरं सांगायचं तर मार्क सोल्डरिंगमध्ये गेलेच नाहीत, प्रोग्रॅमिंगमध्ये गेले. एसटीएम३२ ह्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या लायब्ररीला आय२सीचा (दोन तारांवरून चिपांशी बोलायची पद्धत) ॲड्रेस एक बिट (हा बिट आयर्नचा नव्हे, बायनरी अंक) डावीकडं सरकवून द्यावा लागतो, पोरांनी ७ बिटचा तसाच दिला, डिस्प्ले शेवटपर्यंत कोरा. त्याचा सराव मी कमी घेतला कारण मी वायरीच्या मागं होतो. बायको हेच म्हणाली, वेगळ्या शब्दांत.

तरी पाचपैकी साडेतीन देतो, दीड वायरीचा कापला. पुढच्या बॅचसाठी अजून दोन घेणार, हेच मॉडेल, कारण ह्या पैशात दुसरं नाही. पण आल्या आल्या वायर बदलणार, म्हणून पुण्यात कुणाला पाच कोअरची सिलिकॉन वायर मीटरवर स्वस्तात मिळत असेल तर सांगा, मला ज्या भावानं दिली तो भाव इथं लिहायची लाज वाटते.