दमट किनाऱ्यावरचं घर पुसायचं कशानं: व्हिनेगर, सोडा, रिठा की बायोएन्झाइम?

कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता कितीतरी दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते, आणि बुरशीला ७० टक्केही पुरतात. त्यात खारा वारा. खिडकीच्या गजांवर, भिंतीवर बसलेलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पुसलेली जागा पुन्हा ओलसर लागते. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी साध्या गोड्या पाण्याचं फडकं फिरवायचं आणि कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. निम्मं काम तिथेच होतं.

रसायनं टाळायची ती विहिरीसाठी. गावाकडे मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात जातं, विहीर बहुतेकदा अंगणातच असते आणि जमिनीतला जांभा दगड सच्छिद्र, त्यातून पाणी झिरपतं. शिवाय ब्लीच, फिनेल रोज ओतलं तर सेप्टिक टाकीतले कामाचे जिवाणूही मरतात.

लादी कसली, ते आधी बघा

व्हिनेगरमध्ये साधारण ४-५ टक्के ॲसेटिक आम्ल असतं. नळावरचे क्षाराचे डाग, काचा, सिरॅमिक टाइल यांना ते उत्तम. पण शहाबादी, कोटा, संगमरवर, मोझॅक या सगळ्यांत चुन्याचा अंश असतो आणि आम्ल तो खातं. लिंबू आणि बायोएन्झाइम (फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं पाणी) हेही आंबटच. नैसर्गिक आहे म्हणजे सौम्यच असणार, या समजापायी अनेक जुन्या घरांच्या लाद्यांची झिलई गेली आहे. अशा लादीला रिठ्याचं पाणीच बरं.

धुण्याचा सोडा याच्या उलट स्वभावाचा. ओट्यामागच्या भिंतीचा तेलकट थर तो सहज काढतो. हातमोजे घाला, आणि ॲल्युमिनियमची भांडी त्यापासून लांब ठेवा, काळवंडतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा सल्ला मात्र सोडून द्या: फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात.

रिठा की बायोएन्झाइम?

बायोएन्झाइमसाठी १ भाग गूळ, ३ भाग फळांच्या साली, १० भाग पाणी आणि ३ महिने थांबायची तयारी. जूनमध्ये हवं तर मार्चच्या सुरुवातीलाच, संत्र्या-मोसंबीच्या साली मिळत असताना, बरणी भरायला हवी. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो, नाहीतर बरणी फुटायची. रिठा रात्री भिजवा, सकाळी उकळून गाळा, लगेच वापरा. पण पावसाळी हवेत ते पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, म्हणून थोडंच करा. माझं मत: लादीला रिठा, मोरी-संडासच्या वासाला बायोएन्झाइम. बुरशी मारायला दोघांपैकी कोणावरही विसंबू नका.

बुरशीसाठी

न्हाणीघरातल्या सिरॅमिक टाइलवर पाणी न घालता व्हिनेगर लावा, तासभर ठेवा, मग घासा. रंगवलेल्या भिंतीला औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चांगलं. त्याचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच होतो. रंग उडू शकतो, म्हणून कोपऱ्यात आधी लावून पाहा. लाकडी कपाटावरची बुरशी कोरड्या ब्रशने कधीच झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. नाकातोंडाला मास्क, किंचित ओलं फडकं, आणि उघाड मिळाली की ऊन.

ब्लीच एरवी नको म्हणते, पण पुराला अपवाद. २२ जुलै २०२१ला चिपळुणात शिरलं तसं सांडपाणी मिसळलेलं पाणी घरात आलं, तर चिखल धुऊन पातळ केलेलं ब्लीचच वापरावं. तिथे रिठा पुरणार नाही. फक्त व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड त्यात मिसळू देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो.

भिंतीला नवा रंग द्यायचाच असेल तर

प्लॅस्टिक पेंट पुसायला सोपा, पण आतली ओल कोंडून ठेवतो आणि पोपडे धरतो. चुना तीव्र अल्कधर्मी, त्यामुळे बुरशी सहसा धरत नाही, आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. मात्र अंगाला लागतो आणि जवळजवळ दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. पडवी आणि न्हाणीघराबाहेरच्या भिंतीला मी चुनाच निवडेन. मुलांच्या खोलीत, जिथे भिंतीला सतत हात लागतात, तिथे नाही.