बोटीने घरसामान जर्मनीला : सेवा चांगली, पण कोणत्या सामानासाठी?

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्यांना पॅकर्सवाले जी ‘डोअर टू डोअर’ सेवा विकतात, तिच्याबद्दल हे लिहितो आहोत. हिला धंद्यात एलसीएल म्हणतात. अख्खा कंटेनर न घेता त्यातली थोडी जागा घ्यायची. सामान घरून उचलतात, न्हावा शेवाला इतरांच्या मालाबरोबर भरतात, हॅम्बुर्गला उतरवतात आणि तिथल्या घरी आणून देतात. पाचपैकी साडेतीन गुण. दीड गुण कापला तो तिकडच्या बाजूला निघणाऱ्या खर्चासाठी आणि लागणाऱ्या वेळेसाठी. आणि हे साडेतीनही दोन-तीन सीबीएम (घनमीटर) सामान नेणाऱ्यांनाच लागू आहेत. सोफा, कपाट, पलंग पाठवणार असाल तर एकाच्या वर गुण देववत नाहीत.

हिशेब समजला की निम्मं भांडण मिटतं. बोटीत पैसे जागेचे लागतात. एक सीबीएम म्हणजे एक घनमीटर, साधारण ३५.३ घनफूट. त्यात हजार किलोपर्यंत वजन विचारत नाहीत. दीड घनफुटाचे पुस्तकांचे खोके एका सीबीएममध्ये २३ बसतात. खोक्यामागे २० किलो धरले तरी ४६० किलो होतात. विमानात उलटं. तिथे प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन (सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ६०००) यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. म्हणून पुस्तकं, स्टीलची भांडी, पाटा-वरवंटा असं आटोपशीर पण जड सामान बोटीचं. रजया, उशा आणि गाद्या फुगीर, हलक्या. त्या बोटीतून नेणं म्हणजे हवेला भाडं देणं. सोलापुरी चादर चालेल, घडी दाबून बसते. तीन आसनी सोफा २१० बाय ९० बाय ८५ सेंटिमीटरचा असला तर एकटाच १.६ सीबीएम खातो.

सर्व्हे करायला आलेला माणूस दोन सीबीएम सांगतो आणि गोदामातून बिल अडीचचं येतं, ही नेहमीची तक्रार. यात फसवणूक असतेच असं नाही. सामान पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी फळीवर) रचलं की बाहेरच्या कडांवरून माप घेतात. १२० बाय ८० सेंटिमीटरच्या पॅलेटवर दीड मीटर उंच रचलं की १.४४ सीबीएम झालेच, मधल्या फटी रिकाम्या असल्या तरी. म्हणून सगळी खोकी एकाच मापाची मागावीत. १८ बाय १८ बाय २४ इंचाचं खोकं साडेचार घनफुटांचं असतं, अशा आठांचा जवळपास एक सीबीएम होतो. वेडंवाकडं एकच बाड, उदाहरणार्थ गुंडाळलेला गालिचा, सगळ्या रचनेचं माप वाढवतं.

आता स्वयंपाकघर, कारण पैसे वसूल होतात ते इथेच. जर्मनीत वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच. त्यामुळे ७५० वॉटचा मिक्सर तिथे नीट चालतो. (अमेरिकेला निघालेल्यांनी हे वाक्य विसरावं, तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.) अडचण प्लगची. आपली तीन पिन तिथल्या खोलगट सॉकेटमध्ये जात नाही आणि स्वस्त ट्रॅव्हल अडॅप्टरमध्ये बहुधा अर्थिंग नसतं. तिथे गेल्यावर वायरमनकडून प्लगच बदलून घ्यावा. मिक्सरचं मोटरचं युनिट मूळ थर्मोकोलसह पॅक करावं, भांडी वेगळी, झाकणं वेगळी. मोटरच्या दांड्यावरचा कपलर आणि भांड्यांचे रबर जादा घ्यावेत. खिशात मावतात, पण तिथल्या दुकानात मिळणार नाहीत.

कुकरची परीक्षा लोहचुंबकाने करावी. तिथे भाड्याच्या घरात गॅसपेक्षा इंडक्शन किंवा काचेची विजेची शेगडी असण्याची शक्यता जास्त. कुकर पालथा करा, बुडाला चुंबक लावा. चिकटला तर इंडक्शनवर चालेल, घसरला तर तो साधा अल्युमिनियमचा, घरीच ठेवा. तव्याचंही तसंच. लोखंडी तव्याला चुंबक चिकटतो, पण मधे खोलगट असेल तर काचेवर मधलं बूडच टेकतं आणि पोळी कडेला कच्ची राहते. सपाट बुडाचाच न्यावा. फोडणीच्या छोट्या कढल्याची गंमत वेगळी : बूड साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान असलं की बऱ्याच इंडक्शन शेगड्यांना भांडं ठेवलंय हेच कळत नाही, चुंबक चिकटला तरी. कुकरच्या त्याच मॉडेलच्या दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र हटकून. पोळपाट-लाटणं, पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, विळी : यादीत आधी हेच. लोखंडी कढई-तव्याला तेलाचा हात लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावं, नाहीतर महिन्याभराच्या दमटपणात तांबरा चढतो.

फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, इन्व्हर्टर नकोत. पॉवर बँक, सुटी लिथियम बॅटरी, स्प्रे हेही खोक्यात चालत नाहीत. लहान मुलांची गाडीतली सीट तिथल्या ईसीई या सुरक्षा मानकाची नसेल तर निरुपयोगी. तूप, पेढे, खवा, दुधा-मांसाचा कुठलाही पदार्थ युरोपात नेता येत नाही. ताजा कढीपत्ता फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याच्या) प्रमाणपत्राशिवाय नाही. गोडा मसाला बॅगेतून न्यावा, खोक्यातून नको. शिसवी-शिसमचं फर्निचर कागदांशिवाय पाठवू नये. ही झाडं ज्या डालबर्जिया प्रजातीतली, ती सगळीच २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. देवघरातल्या जुन्या पितळी मूर्तींनाही जपा. १०० वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, कस्टम्सला शंका आली तर पुरातत्त्व खात्याचं प्रमाणपत्र लागतं. मोरपिसं तर नेताच येत नाहीत. दागिने, मूळ कागदपत्रं, औषधं खोक्यात नकोतच.

जर्मन कस्टम्सचा नियम सोपा आहे, लोक तो उशिरा वाचतात. तुम्ही युरोपीय संघाबाहेर सलग १२ महिने राहिलेले असावेत, वस्तू तुम्ही किमान सहा महिने वापरलेल्या असाव्यात, आणि तिथे राहायला गेल्यापासून १२ महिन्यांत त्या पोचाव्यात. मग शुल्क नाही. पुढचे १२ महिने त्या विकता किंवा उसन्या देता येत नाहीत. म्हणजे निघण्याआधी पंधरा दिवस तुळशीबागेतून आणलेला नवाकोरा भांड्यांचा संच सवलतीत बसत नाही. तो बॅगेतून न्यावा, विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला ४३० युरोंपर्यंत माफी असते.

या सवलतीला तिथल्या पत्त्याची नोंदणी लागते, आणि पत्ता मिळायला घर लागतं. सामान आधी पोचलं, कागद नंतर मिळाले, तर गोदामाचं भाडं रोज चढतं. म्हणून घर पक्कं होईपर्यंत सामान पुण्यातच राहू द्यावं, मागे राहणाऱ्या नातेवाइकाच्या नावे अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत देऊन ठेवावी. वेळ आठ ते बारा आठवडे धरा. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, त्यात दहा-चौदा दिवस जादा जातात. सामान जूनमध्ये पॅक होणार असेल तर खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायलाच हव्यात. कंटेनरच्या छताला साचलेलं पाणी खाली ठिबकतं आणि रेशमी साड्यांवर डाग पडतात.

दर मागताना एकच प्रश्न लेखी विचारा : हॅम्बुर्गचं टर्मिनल भाडं, कंटेनर उघडून माल वेगळा काढण्याचा खर्च, आयात क्लिअरन्स आणि घरापर्यंतची डिलिव्हरी यात धरली आहे का? स्वस्त कोटेशन बहुधा बंदरावरच संपलेलं असतं. लिफ्ट नसलेला चौथा मजला आणि रस्त्यावर ट्रक उभा करण्याचा तात्पुरता परवाना, हे दोन खर्च वेगळेच निघतात. लाकडी पेट्या वापरणार असतील तर त्यावर आयएसपीएम १५ या कीड रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकाचा ‘एचटी’ शिक्का बघा, म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला असतो.

विमा ‘ऑल रिस्क’च घ्यावा, तिथल्या नव्या वस्तूच्या किमतीवर. तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली फुटतूट बहुतेक पॉलिसींत बसत नाही. त्यामुळे काच, चिनीमाती त्यांच्याच माणसांना भरू द्यावी, उभ्या ताटल्या, खाली चुरगळलेला कागद, सात पदरी खोकं. बोट संकटात सापडली तर जनरल अ‍ॅव्हरेजच्या नियमाने ती वाचवण्याच्या खर्चात सगळ्या माल-मालकांना वाटा द्यावा लागतो. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’वर तो जाहीर झाला होता. तुमच्या कुकरला ओरखडा नसला तरी हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असेल तर ती विमा कंपनी देते.

डिलिव्हरीच्या दिवशी खोकी यादीतल्या आकड्यांप्रमाणे मोजून घ्या. दबलेल्या, ओल्या खोक्याचा फोटो माणूस उभा असतानाच काढा. सही करताना कागदावर हाताने लिहा : खोकी उघडून पाहिलेली नाहीत.